नेटवर्क तुंबवणारे हल्ले: सांगलीतल्या दुकानांत, पतसंस्थांत आणि कॉलेजांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत नेटवर्कची कामं करते. मार्केट यार्डातली अडत दुकानं, पतसंस्था, मिरजेतले दवाखाने, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, कॉलेजच्या लॅब अशी माझी गिऱ्हाइकं आहेत. केबल ओढण्यापासून फायरवॉल (नको तो डेटा अडवणारा डबा) बसवण्यापर्यंत सगळं करते. काम चालू असताना लोक शेजारी उभं राहून जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

डिनायल ऑफ सर्व्हिस हल्ला म्हणजे हॅकिंगच ना?

नाही. हॅकिंगमध्ये कुणीतरी आत शिरतं. इथे कुणी आत शिरत नाही, दार अडवून ठेवतं.

हळदीचे सौदे सुरू आहेत आणि यार्डाच्या गेटवर दोन हजार माणसं येऊन उभी राहिली, असं समजा. त्यांना हळद घ्यायची नाही, विकायचीही नाही. माल घेऊन आलेला शेतकरी ट्रॅक्टरसह रस्त्यावर अडकला. गोदामातलं एक पोतं हललं नाही, तिजोरीला कुणी हात लावला नाही, पण त्या दिवशीचा सौदा बुडाला. सेवा मिळू न देणं म्हणजे हेच.

म्हणून "खात्यातले पैसे गेले का?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं. पण गेटवर गोंधळ घालून मागच्या दाराने चोरी करण्याचे प्रकारही होतात. हल्ला चालू असताना सगळ्यांचं लक्ष एकीकडे लागलेलं असतं. अशा वेळी एका माणसाने तरी लॉगिनच्या नोंदी बघत बसावं.

डॉस आणि डीडॉस यात फरक काय?

डॉस हे डिनायल ऑफ सर्व्हिसचंच छोटं नाव. एकाच ठिकाणाहून मारा झाला तर डॉस, एकाच वेळी हजारो ठिकाणांहून झाला तर डीडॉस. पहिल्यात एक पत्ता, म्हणजे संगणकाचा इंटरनेटवरचा आयपी क्रमांक, अडवला की काम भागतं. दुसऱ्यात कुणाकुणाला अडवणार? आज जे घडतं ते जवळजवळ सगळं दुसऱ्या प्रकारचं.

नेटवर्क तुंबवतात तरी कसं?

तुंबवण्याच्या जागा तीन: तुमच्यापर्यंत येणारी लाइन, जोडण्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा आणि प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्रॅम.

लाइन तुंबवण्याची सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकणं. इंटरनेटवर लाखो सर्व्हर असे आहेत की छोटा प्रश्न विचारला तर मोठं उत्तर देतात. हल्लेखोर प्रश्न विचारतो, पण पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून तुमचा पत्ता घालतो. उत्तरांचा ढीग तुमच्या दारात येऊन पडतो. साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या, उघड्यावर असलेल्या डीएनएस सर्व्हरकडून हे प्रमाण २८ ते ५४ पट मोजलं गेलंय. वेळ सांगणाऱ्या एनटीपी सर्व्हरच्या एका जुन्या कमांडमुळे ते ५५६ पटींपर्यंत जायचं. मेमकॅश्ड नावाच्या सॉफ्टवेअरने तर कमाल केली. एका बाइटला ५१ हजार बाइटपर्यंत उत्तर! २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती साइट) याच वाटेने सेकंदाला १.३५ टेराबिटचा लोंढा आला. गिटहबने तो आपल्या अंगावर न घेता सफाई करणाऱ्या मोठ्या नेटवर्ककडे वळवला, आणि साइट काही मिनिटांतच पुन्हा उभी राहिली.

दुसरा प्रकार मला स्वतःला फार शिकवून गेला. दोन संगणक टीसीपी या ठरलेल्या पद्धतीने बोलू लागतात तेव्हा आधी तीन निरोप होतात. एक म्हणतो "बोलू का?", दुसरा म्हणतो "बोला, ऐकतोय", पहिला म्हणतो "बरं, सुरू करतो". पहिल्या निरोपाला सिन पॅकेट म्हणतात (पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा छोटा तुकडा). सर्व्हर "बोला" म्हणतो आणि वहीत एक ओळ लिहून तिसऱ्या निरोपाची वाट बघतो. हल्लेखोर पहिला निरोप हजारोंनी पाठवतो, तिसरा कधीच पाठवत नाही. वहीची पानं संपतात आणि खऱ्या गिऱ्हाइकाचं नाव लिहायला जागा उरत नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधली पॅनिक्स ही इंटरनेट सेवा अशीच कित्येक दिवस आजारी पडली होती.

त्यावरचा उपाय त्याच वर्षी डॅनियल बर्नस्टाइन यांनी सुचवला. वहीत लिहूच नका. त्याऐवजी समोरच्याच्या हातात खुणेची चिठ्ठी द्या. तो चिठ्ठी घेऊन परत आला तर खरा, नाही आला तर आपलं काहीच अडकलं नाही. याला सिन कुकी म्हणतात. तीस वर्षांपूर्वीची ही युक्ती आजच्या लिनक्समध्ये, म्हणजे बऱ्याच सर्व्हरवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, आयतीच असते. ती कुणी बंद तर केलेली नाही ना, एवढंच बघायचं.

तिसऱ्या प्रकारात पॅकेट कमी लागतात, डोकं जास्त. २००९ मध्ये आलेलं स्लोलॉरिस हे हल्ल्याचं साधन काउंटरवरच्या अशा माणसासारखं आहे जो एक शब्द बोलतो, थांबतो, मग पुढचा शब्द बोलतो. क्लार्क त्याला सोडून पुढच्याकडे वळू शकत नाही. अशी काही शे माणसं आली की सगळ्या खिडक्या अडतात. २०२३ मधला प्रकार याच्या उलट होता. हॉटेलात ऑर्डर द्यायची आणि लगेच रद्द करायची, पुन्हा द्यायची, पुन्हा रद्द. स्वयंपाकघर मात्र प्रत्येक ऑर्डरला कामाला लागतं. ब्राउझर आणि वेबसाइट ज्या पद्धतीने बोलतात त्या एचटीटीपी-२ मधल्या या फटीतून गूगलवर सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्या आल्या.

आमचं एवढंसं दुकान. आमच्यावर कोण कशाला हल्ला करेल?

कदाचित कुणीच नाही. पण तुमच्या दुकानातून दुसऱ्यावर हल्ला चालू असू शकतो. लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून एक प्रसंग सांगते.

यार्डातल्या एका अडत दुकानातून फेब्रुवारीत, सौद्यांचे दिवस चालू असताना, फोन आला. "ताई, नेट मेलंय बघा. सकाळपासून पट्ट्या निघंनात." गेले. लाइन चालू होती, वेगाचा करार १०० एमबीपीएसचा. खाली येणारा डेटा नगण्य, पण बाहेर जाणारी बाजू काठोकाठ भरलेली. दुकानात दोन संगणक आणि एक बिलाचा प्रिंटर. मग बाहेर जातंय काय? मी राऊटरमधून एकेक वायर काढत गेले. चौथी वायर काढली आणि आलेख धपकन खाली आला. ती वायर कपाटावरच्या डीव्हीआरची, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची होती. हात लावला तर डबा चांगलाच तापलेला. त्यावर हळदीची पिवळी धूळ, आणि झाकणावर बसवणाऱ्याने स्केचपेनने लिहून ठेवलेला पासवर्ड, कंपनीतून आला तसाच.

काकांना गावाकडून मोबाइलवर कॅमेरे बघायचे असत. त्यासाठी बसवणाऱ्याने राऊटरमध्ये थेट बाहेरचं दार उघडं ठेवलं होतं. त्या दारातून कुणीतरी आत येऊन डीव्हीआरला कामाला लावलं होतं. काका बराच वेळ त्या डब्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या दुकानातनं दुसऱ्याला दगड मारत होते म्हणा की."

तंतोतंत तेच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर असेच गोळा केले. त्याच्याकडे साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, सगळ्या कंपनीतून येतात तशा. तेवढ्या पुरल्या. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने डिन या डीएनएस कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेतल्या मोठ्या भागात तासन्‌तास उघडेनात. ट्विटरवर थेट हल्ला झालाच नव्हता. पत्ता सांगणारा माणूस गप्प केला, एवढ्याने काम झालं.

आमचा डीव्हीआर तसा नाही ना, हे कसं बघायचं?

आधी पासवर्ड बदला. मग राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर (बाहेरून आत यायची दारं, म्हणजे पोर्टं, तिथे दिसतात) काय काय उघडं आहे ते बघा आणि ज्याचं कारण कुणाला सांगता येत नाही ते बंद करा. यूपीएनपी चालू असेल तर तेही बंद करा, कारण त्यामुळे उपकरणं मालकाला न विचारता स्वतःच दारं उघडतात. टेलनेटची, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या पद्धतीची, २३ आणि २३२३ ही पोर्टं बाहेरून दिसताच कामा नयेत, मिराई तीच ठोठावत फिरायचा. बाहेरून कॅमेरे बघायचेच असतील तर व्हीपीएन (बाहेरून आतपर्यंतचा कुलूपबंद रस्ता) लावून घ्या. कॅमेऱ्यांचं नेटवर्क आणि बिलाच्या संगणकांचं नेटवर्क वेगळं करा. साध्या मॅनेज्ड स्विचवरही (ज्याची सेटिंग बदलता येते असा स्विच) हे होतं.

नुसतं बंद करून चालू केलं तर? मिराई फक्त मेमरीत राहायचा, त्यामुळे बंद केल्यावर जायचा. पण पासवर्ड तोच ठेवला तर काही मिनिटांत परत यायचा. म्हणून क्रम लक्षात ठेवा: वायर काढा, बंद करून चालू करा, पासवर्ड बदला, मग वायर लावा.

संगणकांत काही शिरलंय अशी शंका असेल तर केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. तिथे बॉटनेट (हल्लेखोराने ताब्यात घेतलेल्या उपकरणांची फौज) साफ करण्याची साधनं फुकट मिळतात.

दहावीच्या निकालाच्या दिवशी साइट उघडत नाही. तोही हल्लाच का?

नाही. ती खरी गर्दी. लाखो मुलं आणि त्यांचे आईवडील एकाच वेळी एकच पान मागतात. उपायही वेगळा: जास्त सर्व्हर, निकालाची पानं आधीच तयार ठेवणं, निकाल दोन-चार ठिकाणी विभागून देणं. खरी गर्दी निकाल बघते आणि जाते. खोटी गर्दी एकच पत्ता पुन्हा पुन्हा मागते, चित्रं उतरवत नाही, पुढच्या पानावर जात नाही.

नेट स्लो झालं म्हणजे हल्ला समजायचा का?

दहातल्या नऊ वेळा तसं काही नसतं. कुठेतरी जेसीबीने फायबर तोडलेली असते, नाहीतर वायफायची रेंज गेलेली असते, नाहीतर कुणीतरी मोठं अपडेट उतरवत असतं. राऊटरच्या पानावर येणारा आणि जाणारा डेटा बघा. दोन्ही शांत असूनही नेट बंद असेल तर लाइनचा दोष. जाणारा भरलेला असेल तर घरातलंच कुणीतरी. येणारा भरलेला असेल आणि आत कुणीच काही मागवलेलं नसेल, तेव्हा हल्ल्याचा विचार करा. चांगल्या दिवसाचा आलेख कसा दिसतो याचा एक फोटो आधीच काढून ठेवा. तुलनेला काहीतरी हवं.

महागातला फायरवॉल घेतला तर प्रश्न मिटेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझं उत्तर विक्रेत्यांना आवडत नाही. लाइन तुंबवणाऱ्या हल्ल्यात तुमच्या खोलीतला फायरवॉल काहीही करू शकत नाही.

हे सांगलीकराला समजवायला वेळ लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात कुणी दारात वाळूची पोती लावली असतील, पण पोत्यांनी घर वाचलं का? पूर दारात अडवता येत नाही. कोयनेतून किती सोडायचं, अलमट्टीत किती अडवायचं, हे वरती आणि खालती आधी ठरलेलं असावं लागतं, आणि आपल्याला वेळेत कळावं लागतं. या हल्ल्यांना इंग्रजीत 'फ्लड'च म्हणतात.

हिशेब करून बघा. तुमची लाइन १०० एमबीपीएस. एका बिघडलेल्या डीव्हीआरने १० एमबीपीएस पाठवलं तर असे दहा डीव्हीआर तुमची लाइन भरतात. एका छोट्या शहरात असे हजार सहज निघतील. नको असलेलं पॅकेट फायरवॉल फेकून देईल, पण ते तुमच्या अरुंद लाइनीतून येऊन मगच त्याच्यापर्यंत पोचतं. तोवर लाइन भरलेली असते.

फायरवॉल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या हल्ल्यांत तो कामाला येतो, आतली उपकरणं बाहेर काय पाठवतात तेही दाखवतो. पण पतसंस्थेचं वर्षाचं सगळं बजेट त्या एका डब्यात घालू नका.

मग इंटरनेट देणाऱ्याला काय विचारायचं?

करार करतानाच विचारा. हल्ला झाल्यावर रात्री अकरा वाजता विचारून उपयोग नाही. आमच्यावर लोंढा आला तर तुम्ही तो तुमच्याकडेच गाळता, की आमचा पत्ताच बंद करून टाकता? दुसऱ्या मार्गाला ब्लॅकहोल म्हणतात. त्यात तुमच्या पत्त्यावर येणारं सगळंच, चांगलं आणि वाईट, वरच्या वर टाकून दिलं जातं. त्याने पुरवठादाराची बाकी गिऱ्हाइकं वाचतात, पण तुमच्यापुरता हल्लेखोर जिंकलेला असतो. कधीकधी त्याला पर्याय नसतो, पण तो निर्णय तुम्हाला विचारून व्हावा.

पहिल्या मार्गात लोंढा सफाई केंद्रातून नेऊन फक्त खरा डेटा तुमच्याकडे पाठवतात. त्याला पैसे पडतात. किती, आणि किती मिनिटांत सुरू होतं, हे कागदावर घ्या. रात्री फोन कोण उचलतं ते नावानिशी लिहून घ्या. तक्रार क्रमांक देणारं रेकॉर्डिंग नको, माणूस हवा.

आणखी एक प्रश्न विचारा, जो कुणीच विचारत नाही: तुमच्या नेटवर्कमधून खोटा पत्ता घातलेली पॅकेटं बाहेर जाऊ देता का? ती अडवण्याची पद्धत बीसीपी ३८ या नावाने मे २००० पासून लिहून ठेवलेली आहे. प्रत्येक पुरवठादाराने ती पाळली तर दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकणारे हल्ले उभेच राहणार नाहीत. यात पुरवठादाराचा स्वतःचा थेट फायदा नाही, फायदा दुसऱ्या गावातल्या कुणाचा तरी होतो. म्हणून पंचवीस वर्षांनंतरही ती सगळीकडे लागलेली नाही. याचा मला मनापासून राग येतो. आपल्या भागातल्या केबलवाल्यांनी तरी ती लावावी म्हणून मी प्रत्येकाकडे जाऊन बोलते.

आमच्या वेबसाइटपुढे क्लाउडफ्लेअर लावलं आहे. आता निश्चिंत?

बऱ्यापैकी. क्लाउडफ्लेअर ही साइटच्या पुढे उभी राहून लोंढा झेलणारी सेवा. अशा सेवा एकच पत्ता जगभरातल्या शेकडो ठिकाणांहून जाहीर करतात, त्यामुळे लोंढा एका जागी न येता विभागला जातो. त्यांच्या फुकट योजनेतही हे संरक्षण मिळतं. पण तुमच्या सर्व्हरचा खरा पत्ता लपलेला आहे का? बहुतेक ठिकाणी मेल त्याच सर्व्हरवर असतो आणि मेलची डीएनएस नोंद तो पत्ता उघडा करते. मग हल्लेखोर पुढचं दार सोडून सरळ घरात. मेल वेगळीकडे हलवा, सर्व्हरचा पत्ता बदला, आणि फक्त त्या सेवेकडून आलेल्या जोडण्याच आत घ्या.

सगळे संशयित आयपी ब्लॉक केले तर?

जपून. आपल्याकडे मोबाइल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना बाहेर एकच आयपी दाखवतात. तुम्ही एक अडवला तर तासगावचे तुमचेच बेदाणा व्यापारी बाहेर राहतील. कायमचं अडवण्यापेक्षा वेगावर मर्यादा घाला: एका पत्त्याकडून मिनिटाला अमुक इतक्याच विनंत्या, त्यापुढे थांबा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन ओळींत होतं. ज्यांचा धंदा जिल्ह्याबाहेर जात नाही त्यांनी हल्ल्यापुरतं परदेशातलं सगळं बंद ठेवायला हरकत नाही. मात्र मुलगा परदेशातून खातं बघत असेल तर त्याला आधी सांगा.

ऐन हल्ल्यात काय करायचं?

वेळ लिहा. आलेखांचे फोटो घ्या. पुरवठादाराच्या त्या नावानिशी लिहिलेल्या माणसाला फोन करा. सर्व्हर पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका, त्याने लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, विस्कटतात आणि हल्ला थांबत नाही. दुसऱ्या कंपनीची छोटी लाइन किंवा सिमवरचा राऊटर असेल तर निदान काउंटरचं काम तिकडे वळवा. आणि दाराबाहेर पाटी लावा. पतसंस्थेत अर्धा तास सिस्टिम बंद पडली की गावभर अफवा पसरते, आणि ती अफवा हल्ल्यापेक्षा महाग पडते.

तक्रार कुठे करायची? कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये सेवा खंडित करणं आणि अधिकृत माणसाला ती मिळू न देणं हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं आहे. अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी कार्यालयांनी असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. बहुतेक छोट्या राऊटरमध्ये लॉग दोन दिवसही टिकत नाही. एक जुना संगणक लॉग साठवायला ठेवून द्या.

"पैसे द्या नाहीतर साइट पाडू" असा मेल आला तर?

देऊ नका. एकदा दिले की पुढच्या महिन्यात पुन्हा मेल येतो. अशा धमक्यांतल्या पुष्कळशा पोकळ असतात. तरी मेल जपून ठेवा, पोलिसांना द्या आणि पुरवठादाराला त्याच दिवशी सावध करा.

माझ्या मुलाने गेममध्ये हरल्यावर दुसऱ्याचं नेट पाडलं म्हणे. हे गंभीर आहे का?

हो, आणि हा प्रश्न आता पालक हळू आवाजात वरचेवर विचारतात. 'बूटर' नावाच्या साइटवर थोडे पैसे भरले की कुणाच्याही पत्त्यावर मारा करून मिळतो. मुलांना तो खेळाचाच भाग वाटतो. फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, सीएनएन आणि अ‍ॅमेझॉन पाडणारा कॅनडातला मुलगा पंधरा वर्षांचा होता. मिराई लिहिणारे तिघंही विशीच्या आसपासचे होते, आणि त्यांची सुरुवात माइनक्राफ्टच्या सर्व्हरवरून झालेल्या चढाओढीतून झाली. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. असली सेवा विकणाऱ्या वेबस्ट्रेसर या साइटवर एप्रिल २०१८ मध्ये युरोपातल्या पोलिसांनी टाळं लावलं आणि पुढे तिच्या गिऱ्हाइकांचाही माग काढला.

पण मुलाला नुसतं रागावू नका. विश्रामबागमधला एक अकरावीतला मुलगा असाच वडिलांबरोबर माझ्याकडे आला होता. मान खाली, बोलायला तयार नाही. मी त्याला दोन जुने संगणक आणि एक स्विच दिला, इंटरनेटची वायर मात्र काढून ठेवली. एकावर त्याने साधं वेबपान ठेवलं, दुसऱ्यावरून त्याच्यावर सिन पॅकेटांचा मारा केला. सिन कुकी मुद्दाम बंद ठेवली होती. स्क्रीनवर अर्धवट जोडण्यांच्या ओळी खाली खाली सरकत गेल्या आणि पान उघडेना. मग मी त्याला सिन कुकीच्या सेटिंगमधला एक आकडा शून्याचा एक करायला सांगितला. मारा चालूच होता, आणि पान उघडलं. त्याने ते चार वेळा बंद करून चालू करून बघितलं. निघताना वडील चपला घालत होते, आणि तो मला विचारत होता की त्या चिठ्ठीवर सर्व्हर नेमकं काय लिहितो.